'नॉर्मल' रक्ताची घडण : रक्ततपासणी अहवालातील संदर्भ मूल्यांचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

रक्ततपासणीचा अहवाल हा आज शहरी आणि ग्रामीण अशा दोन्ही कुटुंबांत परिचित असलेला कागद आहे. त्यावर साधारणतः तीन रकाने असतात. पहिल्यात तपासणीचे नाव, दुसऱ्यात रुग्णाचा आकडा आणि तिसऱ्यात 'नॉर्मल रेंज' या मथळ्याखाली छापलेले दोन आकडे. रुग्णाचा आकडा या दोहोंच्या बाहेर गेला की तो ठळक अक्षरांत उमटतो, त्याच्यापुढे बाण किंवा तारा येतो आणि घरातील सर्वांचे लक्ष तेथेच खिळते. दुसऱ्या रकान्यातील आकडा यंत्रातून आला, हे सर्वांना ठाऊक असते. तिसऱ्या रकान्यातील आकडे कोठून आले, हा प्रश्न मात्र रुग्ण विचारत नाही आणि पुष्कळदा वैद्यकाचा विद्यार्थीही विचारत नाही. पाणी १०० अंशांवर उकळते, तितक्याच सहजतेने हे आकडे निसर्गदत्त मानले जातात.

वस्तुतः या तिसऱ्या रकान्याला सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. कोणती रासायनिक पद्धत वापरली, कोणत्या लोकांचे रक्त तपासले आणि कोणत्या संख्याशास्त्रीय रीतीने सीमारेषा आखली, या तीन गोष्टींवर हे आकडे ठरत आले आहेत. या तिन्ही गोष्टी कालौघात बदलल्या व त्यांबरोबर निरोगी आणि रोगी यांतील सीमाही सरकली. प्रस्तुत लेखात चिकित्सालयीन जीवरसायनशास्त्रातील काही परिचित तपासण्यांच्या आधारे या घडणीचा मागोवा घेतला आहे.

मूत्रपरीक्षेकडून रक्तपरीक्षेकडे

रसायनशास्त्राने रोगनिदानात प्रवेश केला तो मूत्राच्या वाटेने. मधुमेह्याच्या मूत्राकडे मुंग्या येतात, हे निरीक्षण प्राचीन भारतीय वैद्यांना परिचित होते. इंग्लंडमध्ये मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ मध्ये अशा मूत्राचे बाष्पीभवन करून त्यातील गोडी साखरेची असल्याचे दाखविले आणि रुग्णाचे रक्तजलही गोडसर लागते, अशी नोंद केली. मूत्र विपुल व विनासायास मिळते. रक्ताचे तसे नव्हते. एकोणिसाव्या शतकातील पद्धतींना रक्त इतके लागे की एकाच रुग्णाची वारंवार तपासणी करणे अशक्यप्राय होते.

या काळातील आल्फ्रेड गॅरड यांचे काम उल्लेखनीय आहे. संधिरोगाच्या म्हणजे गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात यूरिक आम्ल वाढलेले असते, हे त्यांनी १८४८ मध्ये दाखविले. पुढे १८५४ मध्ये त्यांनी 'सुताची परीक्षा' सुचविली : रक्तजलात अ‍ॅसेटिक आम्ल घालून त्यात तागाचा धागा सोडावयाचा आणि एकदोन दिवसांनी धाग्यावर स्फटिक जमले आहेत काय ते पाहावयाचे. या परीक्षेचे उत्तर 'आहे' किंवा 'नाही' असे होते. तीत आकडा नव्हता, म्हणून 'नॉर्मल रेंज'ही नव्हती. रेंजचा प्रश्न उद्भवला तो रक्तातील द्रव्ये थोड्या रक्तात, थोड्या वेळात आणि अनेक माणसांत मोजता येऊ लागल्यानंतर.

फोलिन-वू पद्धती आणि '८० ते १२०'

ही सोय करून दिली ती हार्वर्ड विद्यापीठातील ऑटो फोलिन यांच्या प्रयोगशाळेने. फोलिन मूळचे स्वीडनचे. त्यांचे सहकारी श्येन वू हे चीनमधून आलेले संशोधक. या दोघांनी १९१९ मध्ये रक्त-विश्लेषणाची एक संपूर्ण व्यवस्थाच प्रसिद्ध केली. सोडियम टंगस्टेट आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्या साहाय्याने रक्तातील प्रथिने साक्याच्या रूपाने काढून टाकावयाची आणि उरलेल्या स्वच्छ गाळीव द्रावातून साखर, युरिया, यूरिक आम्ल, क्रिएटिनिन यांचे प्रमाण रंगाच्या तीव्रतेवरून मोजावयाचे, अशी ती रीत होती. काही मिलिलिटर रक्तात इतक्या तपासण्या होऊ लागल्या. दोनच वर्षांनी इन्सुलिनचा शोध लागला आणि रक्तशर्करा मोजणे ही रोजची गरज बनली. या दोन घटना इतक्या जवळ घडल्या नसत्या, तर मधुमेहाच्या उपचाराचा इतिहास निराळा झाला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

याच प्रयोगशाळेच्या परंपरेत एका भारतीयाचे नाव आहे. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी सायरस फिस्के यांच्यासमवेत १९२५ मध्ये फॉस्फरस मोजण्याची रंगमापन पद्धती प्रसिद्ध केली. 'फिस्के-सुब्बाराव' हे जोडनाव जीवरसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक वहीत आजही लिहिले जाते. ते नाव भारतीयाचे आहे, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येतेच असे नाही.

फोलिन-वू पद्धतीने मिळणारी उपाशीपोटीची रक्तशर्करा निरोगी माणसात १०० मिलिलिटर रक्तात ८० ते १२० मिलिग्रॅम येत असे. हे दोन आकडे पाठ्यपुस्तकांतून वैद्यांच्या आणि वैद्यांकडून लोकांच्या तोंडी गेले. परंतु ही पद्धती ग्लुकोज मोजत नव्हती; तांब्याच्या क्षाराचे क्षपण करणारे जे जे काही रक्तात असेल ते सारे ती मोजत होती. तांबड्या पेशींतील ग्लुटाथायोनसारखी द्रव्येही त्यात 'साखर' म्हणून धरली जात. त्यामुळे आकडा खऱ्या ग्लुकोजपेक्षा साधारणतः २० मिलिग्रॅमच्या आसपास अधिक येई. मायकेल सोमोजी आणि नॉर्टन नेल्सन यांच्या सुधारणांनी व नंतर १९५० च्या दशकात आलेल्या ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराच्या पद्धतीने खरे ग्लुकोज मोजले जाऊ लागले, तेव्हा निरोगी माणसाचा आकडा खाली आला. माणसांच्या रक्तात कोणताही बदल झालेला नव्हता.

पुढे आणखी एक फेरबदल झाला. पूर्ण रक्ताऐवजी रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मामध्ये, ग्लुकोज मोजण्याची प्रथा पडली. तांबड्या पेशींत पाण्याचा अंश कमी असतो. त्यामुळे त्याच माणसाचा प्लाझ्मातील आकडा पूर्ण रक्तातील आकड्यापेक्षा १० ते १५ टक्क्यांनी अधिक येतो. शिवाय काढलेले रक्त तसेच ठेवले तर त्यातील पेशी ग्लुकोज वापरत राहतात व सामान्य तापमानाला दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के ग्लुकोज घटते. फ्लोराइड घातलेली नळी याचसाठी असते, जरी पहिल्या एकदोन तासांत तिचा प्रभाव अपुराच पडतो. तालुक्याच्या गावी सकाळी काढलेला नमुना दुपारी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोहोचत असेल, तर त्याच्या आकड्यात प्रवासाचाही वाटा असतो. हे सर्व घडून गेल्यावरही '८० ते १२०' हे आकडे लोकांच्या बोलण्यात टिकून राहिले, कारण लोकस्मृतीत आकडा राहतो आणि पद्धती गळून पडते.

विकरांच्या तपासण्यांत हा घोटाळा अधिकच होता. अल्कलाइन फॉस्फटेजसाठी बोडान्स्की एकके आणि किंग-आर्मस्ट्राँग एकके एकाच काळात प्रचलित होती व दोहोंतील निरोगी माणसाचे आकडे एकमेकांशी जुळत नसत. तापमान २५ अंश की ३७ अंश यावरही विकराचा आकडा बदलतो. हॅरॉल्ड व्हार्ली यांचा १९५४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला प्रात्यक्षिक जीवरसायनशास्त्राचा ग्रंथ भारतीय वैद्यकीय महाविद्यालयांत दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. अशा ग्रंथांतील मूल्ये उतरवून घेताना त्यांमागील पद्धती, एकक आणि तापमान हेही उतरवून घेणे आवश्यक होते.

अचूकतेविषयीचा संशय

मोजलेला आकडा तरी विश्वसनीय होता काय? विल्यम बेल्क आणि विल्यम संडरमन यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया भागातील रुग्णालयीन प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवून त्यांची उत्तरे ताडून पाहिली. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते : समाधानकारक उत्तरांपेक्षा असमाधानकारक उत्तरांची संख्या अधिक भरली. रुग्णाच्या उशाशी असलेला वैद्य ज्या आकड्यावरून औषधाची मात्रा ठरवीत होता, तो आकडा शेजारच्या प्रयोगशाळेत वेगळाच आला असता.

या प्रश्नाचे उत्तर कारखान्यातून आले, ही बाब लक्षणीय आहे. वॉल्टर शूहार्ट यांनी दूरध्वनी उद्योगातील उत्पादनाचा दर्जा राखण्यासाठी नियंत्रण-आलेख तयार केले होते. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये तेच तत्त्व रक्ततपासणीला लावले. ज्ञात नमुना रोज मोजावयाचा, त्याचा आकडा आलेखावर मांडावयाचा आणि तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर त्या दिवशीचे अहवाल रोखावयाचे. भारतात बाह्य गुणवत्ता-पडताळणीच्या कामात वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा वाटा मोठा आहे.

लिओनार्ड स्केग्ज यांचे ऑटोअ‍ॅनालायझर १९५७ मध्ये आले. नळीतून वाहणाऱ्या नमुन्यांना हवेच्या बुडबुड्यांनी अलग ठेवण्याची त्यांची युक्ती साधी होती, पण तिने प्रयोगशाळेचे रूप पालटले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकाच नमुन्यावर बारा तपासण्या करणारी यंत्रे रुग्णालयांत आली. वैद्याने मागितली एक तपासणी, तरी यंत्र देणार बारा. आजच्या 'फुल बॉडी चेकअप'चे मूळ येथे आहे.

'नॉर्मल' या शब्दाची चिकित्सा

बारा तपासण्यांमुळे एक जुनी संख्याशास्त्रीय अडचण उघडी पडली. निरोगी मानलेल्या व्यक्तींचे रक्त तपासून मधल्या ९५ टक्के व्यक्तींचे आकडे ज्या दोन मर्यादांत येतात, त्या मर्यादांना 'नॉर्मल' म्हणण्याची रीत रूढ होती. म्हणजेच निरोगी व्यक्तींपैकी ५ टक्के व्यक्ती व्याख्येनेच बाहेर ठेवल्या जात होत्या. तपासणी एकच असेल तर हे चालून जाते. परंतु एकमेकांशी संबंध नसलेल्या बारा तपासण्या केल्या, तर निरोगी माणसाचे सर्व बारा आकडे मर्यादेत येण्याची संभाव्यता सुमारे ५४ टक्के उरते. वीस तपासण्यांत ती ३६ टक्क्यांवर येते. प्रत्यक्षात अनेक तपासण्या परस्परसंबद्ध असल्याने हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, पण त्याची दिशा खरी आहे. पुरेशा तपासण्या केल्या की बहुतेकांच्या अहवालावर कोठेतरी बाण येणारच. त्या बाणापायी पुढील तपासण्या, खर्च आणि चिंता यांची मालिका सुरू होते.

मधले ९५ टक्के काढण्याची रीतही निर्दोष नव्हती. सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलने धरली की काम झाले, असे मानले जाई. ही रीत घंटेच्या आकाराच्या सममित वितरणाला लागू पडते. ट्रायग्लिसराइड, बिलिरुबिन आणि अनेक विकरे यांचे वितरण उजवीकडे लांब शेपूट असलेले असते; तेथे हे गणित केल्यास खालची मर्यादा क्वचित शून्याच्याही खाली जाते, जे रक्ताच्या बाबतीत निरर्थक होय. शरीराने गाउसच्या वक्राशी कोणताही करार केलेला नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ व वैद्यकाचे अभ्यासक जॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ मधील आपल्या प्रबंधात सरासरी आणि स्वाभाविकता यांची गल्लत दाखवून दिली होती. प्रयोगशाळांपर्यंत तो विचार पोहोचला तो वेगळ्या वाटेने. फिनलंडचे राल्फ ग्रेसबेक आणि निल्स-एरिक सारिस यांनी १९६९ मध्ये 'नॉर्मल मूल्ये' हा शब्दप्रयोग सोडून 'संदर्भ मूल्ये' ही संज्ञा सुचविली. बदल केवळ शब्दाचा नव्हता. 'नॉर्मल' हा निवाडा आहे; 'संदर्भ' म्हटले की कोणाचा संदर्भ, कोणत्या वयाचा, उपाशी की जेवणानंतरचा, असे प्रश्न आपोआप उपस्थित होतात. पुढे १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय चिकित्सालयीन रसायनशास्त्र महासंघाने या संकल्पनेची सविस्तर शिफारस केली. संदर्भ मर्यादा नव्याने ठरवावयाच्या तर प्रत्येक गटात किमान १२० व्यक्ती असाव्यात आणि दुसरीकडील मर्यादा स्वीकारावयाच्या तर आपल्या समूहातील २० व्यक्तींवर तरी त्या पडताळून पाहाव्यात, असे मार्गदर्शक संकेत रूढ झाले. तरीही संच बनविणाऱ्या कंपनीच्या पत्रकातील आकडे जसेच्या तसे छापण्याचा सोपा मार्ग पुष्कळ ठिकाणी अनुसरला जातो.

संदर्भासाठी निवडलेली माणसे खरोखर निरोगी आहेत काय, हा प्रश्न त्याहून कठीण आहे. यकृताच्या एएलटी तपासणीचे, म्हणजेच जुन्या नावाने एसजीपीटीचे, उदाहरण बोलके आहे. या तपासणीची वरची मर्यादा ४० एककांच्या आसपास धरली जात असे. मिलान येथील डॅनिएले प्राती व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये रक्तदात्यांच्या माहितीतून यकृतरोगाचा धोका असलेल्या व्यक्ती वगळून मर्यादा पुन्हा काढल्या. त्या पुरुषांत ३० आणि स्त्रियांत १९ एकके अशा आल्या. पूर्वीच्या 'निरोगी' गटांत मेदयुक्त यकृताचे आणि हिपॅटायटिस सीचे मूक रुग्ण मिसळलेले होते. त्यांनीच मर्यादा वर ढकलली होती.

वर्णनाकडून निर्णयाकडे

मधुमेहाच्या बाबतीत वैद्यकाने ९५ टक्क्यांची वाट सोडली. येथे प्रश्न बहुसंख्यांचा आकडा किती, असा न राहता कोणत्या आकड्यापासून इजा सुरू होते, असा झाला. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातील पिमा आदिवासींमध्ये मधुमेहाचे प्रमाण अत्यधिक आहे. त्यांच्या रक्तशर्करेच्या आलेखाला दोन शिखरे दिसतात आणि दोहोंमधील दरीत सीमारेषा आखता येते. १९७९-८० च्या निकषांत उपाशीपोटी प्लाझ्मातील १४० मिलिग्रॅम ही मर्यादा धरली होती. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने १९९७ मध्ये ती १२६ वर आणली व १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा स्वीकार केला. या बदलाला आधार होता तो पिमा, इजिप्तमधील आणि अमेरिकेतील सर्वसाधारण अशा तीन समूहांतील नेत्रपटलविकाराच्या पाहणीचा. ज्याची उपाशीपोटीची साखर १३० होती, तो मनुष्य या एका तपासणीपुरता १९९६ मध्ये मधुमेही नव्हता आणि १९९८ मध्ये होता. पुण्यातील किंवा नागपुरातील रुग्णाच्या अहवालावरचा १२६ हा आकडा अशा रीतीने दूरदेशीच्या नेत्रपटलांतून आलेला आहे. तो चुकीचा ठरतो असे नव्हे. परंतु त्याची वंशावळ माहीत असणे बरे.

ग्लायकेटेड हिमोग्लोबिनची कथाही अशीच. तेहरान येथे सॅम्युएल रहबर यांना १९६० च्या दशकाच्या अखेरीस मधुमेह्यांच्या रक्तात हा वेगळा हिमोग्लोबिन आढळला. अमेरिका व कॅनडातील दीर्घ चाचणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये आल्यावर त्याला उपचाराचा मापदंड म्हणून मान्यता मिळाली आणि ६.५ टक्के ही निदानाची मर्यादा २०१० व २०११ मध्ये अनुक्रमे अमेरिकन असोसिएशनने व जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली. ही तपासणी तांबड्या पेशींच्या सर्वसाधारण आयुर्मानावर विसंबून आहे. लोहाच्या कमतरतेमुळे आकडा फुगू शकतो; पेशी लवकर नष्ट होत असतील तर तो खोटा कमी येतो. नंदुरबार किंवा गडचिरोली जिल्ह्यांत सिकलसेल आढळतो. तेथील सिकलसेलग्रस्त मधुमेह्याचा 'चांगला' आकडा वैद्याची व रुग्णाची, दोघांचीही दिशाभूल करू शकतो.

क्रिएटिनिन : मर्यादेतील धोका

मर्यादेबाहेरचा आकडा नेहमीच रोग दर्शवीत नाही, तसा मर्यादेतील आकडा नेहमीच आरोग्य दर्शवीत नाही. मॅक्स याफे यांनी १८८६ मध्ये वर्णिलेली क्रिएटिनिन व पिक्रेट यांची नारिंगी-तांबडी अभिक्रिया आजही अनेक प्रयोगशाळांत वापरात आहे, आणि ती ग्लुकोज, प्रथिने, किटोन द्रव्ये यांनाही काही अंशी प्रतिसाद देते. पद्धतीचा हा दोष सुधारला तरी मूळ अडचण उरतेच. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते. एखाद्या कृश स्त्रीचा आकडा ०.६ वरून १.१ झाला, तर अहवालावर बाण येईलच असे नाही. मूत्रपिंडाची गाळणक्षमता मात्र जवळजवळ अर्ध्यावर आलेली असते. व्यक्तीच्या स्वतःच्या आकड्यांतील चढउतार लहान आणि व्यक्तीव्यक्तींतील फरक मोठा असेल, तर समूहाची मर्यादा त्या व्यक्तीसाठी फारशी उपयोगाची नसते, हे युजीन हॅरिस यांनी १९७४ मध्ये गणिताने दाखवून दिले. अशा वेळी मागील वर्षाचा अहवाल हाच उत्तम संदर्भ ठरतो. जुने अहवाल फाइलला लावून जपणारी गृहिणी नकळत शास्त्रशुद्ध वागत असते.

ही उणीव भरून काढण्यासाठी सूत्रे आली. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे १९७६ चे सूत्र बहुतांशी पुरुष रुग्णांवर आधारलेले होते. स्त्रियांसाठी त्यातून १५ टक्के वजा करावेत असे सुचविले गेले. १९९९ च्या व २००९ च्या अमेरिकी सूत्रांत कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे त्याच क्रिएटिनिनला कृष्णवर्णीय रुग्णाची गाळणक्षमता अधिक दिसे आणि विशेषज्ञाकडे पाठवणी किंवा प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागणे लांबणीवर पडे. तीव्र आक्षेपांनंतर २०२१ च्या सूत्रातून हा गुणक काढून टाकण्यात आला. तिसऱ्या रकान्यातील गणितात वंशाविषयीचे गृहीतक किती काळ मुक्कामाला होते, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

कोणाचे रक्त?

भारतीयांसाठी भारतीय मर्यादा असाव्यात, ही मागणी या पार्श्वभूमीवर स्वाभाविक वाटते आणि काही अंशी ती योग्यही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. स्नायू कमी व मेद अधिक अशा शरीरातील क्रिएटिनिनचा अर्थ पाश्चात्त्य मोजपट्टीने लावणे धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

तथापि स्थानिक मर्यादा म्हणजे योग्य मर्यादा, असे समीकरण मांडता येत नाही. याज्ञिक व सहकाऱ्यांनीच पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. खेडे, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही ठिकाणांहून हे पुरुष निवडले होते. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळले. आता अशा समूहातून १२० धडधाकट दिसणाऱ्या व्यक्ती निवडल्या आणि मधल्या ९५ टक्क्यांची मर्यादा काढली, तर खालची सीमा इतकी खाली जाईल की कमतरता हाच नियम ठरेल. अहवालावरचा बाण नाहीसा होईल, रुग्णाला समाधान वाटेल. मज्जातंतूंची झीज मात्र थांबणार नाही. परदेशी मर्यादा ठेवावी तर निम्म्याहून अधिक लोकसंख्या आजारी दिसते, आणि देशी मर्यादा काढावी तर आजार अदृश्य होतो. अशा ठिकाणी ब-१२ वर अवलंबून असलेली चयापचयक्रिया कोणत्या पातळीला अडखळते, होमोसिस्टीन केव्हा वाढू लागते, हे पाहून सीमा आखावी लागते. नुसती माणसे मोजून ती सापडत नाही.

वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या मानकाची २०२२ ची आवृत्ती संदर्भ मर्यादा कशाच्या आधारे ठरविल्या, याची नोंद ठेवण्यास आणि मर्यादा वापरणाऱ्यांना कळविण्यास सांगते. भारतात एनएबीएल ही संस्था याच मानकानुसार प्रयोगशाळांना मान्यता देते. ती नोंद प्रयोगशाळेच्या दप्तरात राहते. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या बहुतेक अहवालांवर तिसऱ्या रकान्यात अद्याप दोन आकडेच असतात.